रिम्मा पेत्रोव्नाचं घर

पिठाच्या हातानंच क्लाव्दिया येगोरोव्नानं दार उघडलं.

दारात एक परदेशी तरुण उभा होता. नाक लाल, पापण्या ओल्या.

"मी हुओंगचा मुलगा, खांग. व्हिएतनामहून आलोय," तो मोडक्यातोडक्या रशियनमध्ये म्हणाला. "रिम्मा पेत्रोव्ना..." पुढं त्याला बोलवेना.

रिम्मा पेत्रोव्ना दोन वर्षांपूर्वीच वारली होती. तिच्या भाचीनं हे घर क्लाव्दियाला भाड्यानं दिलं होतं. तेवढं सांगितलं की झालं. पण इतक्या लांबून आलेल्या पोराचे डोळे तिला बघवेनात.

"मीच ती," ती बोलून गेली. "आत ये, थंडी शिरतेय."

तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं वाकून तिला घट्ट मिठी मारली. आपल्याला असं कुणी शेवटचं कधी जवळ घेतलं होतं, हे क्लाव्दियाला आठवेना.

तिनं त्याला घरातल्या सपाता दिल्या, चहा ओतला, कोबी भरलेले गरम पिरोश्की पुढं ठेवले. खांग सांगत होता. त्याची आई विशीत इथं, इवानोवोच्या सूतगिरणीत कामाला आली होती. न्यूमोनियानं मरायला टेकली, तेव्हा वसतिगृह सांभाळणाऱ्या रिम्मा पेत्रोव्नानं तिला याच घरात महिनाभर ठेवून घेतलं.

"तुम्ही तिला रोज काय पाजायचात, आठवतं?"

क्लाव्दिया घाईनं किटलीकडं वळली. "अरे, किती वर्षं झाली त्याला..."

"मध घातलेलं दूध!" त्यानंच सांगून टाकलं.

पोरगा बडबड्या होता म्हणून निभावलं. ती जिथं अडखळे, तिथं उत्तर तोच देई.

"तुमच्या गावात कुणी हसतच नाही हो आजी! ट्रॉलीबसमध्ये सगळे असे बघत होते, जसा काही मी खिसेकापू. मग तीन बायका एकदम खेकसल्या, टोपी कुठाय म्हणून! एकीनं स्वतःचा मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला आणि तणतणत उतरून गेली. खाली बाकावरच्या आज्यांनी तर तुमचं घर विचारल्यावर हात धरून शेजारी बसवलं. कितीतरी वेळ बोलत होत्या."

"मग काय, गारठून मरू द्यायचं होतं?" क्लाव्दिया फणकारली आणि तिनं त्याच्या ताटलीत आणखी दोन पिरोश्की वाढले.

तो खदखदून हसला. "आई म्हणते, इथं कुणी रागावलं की समजावं, आपण घरचे झालो."

अंधारून यायला लागलं तसा तो उठला. दाराशी थांबून त्यानं कमरेत वाकून नमस्कार केला.

"या घरामुळं माझी आई जगली. आणि आज तुम्ही मला आत घेतलंत. हे मी विसरणार नाही."

आता मात्र क्लाव्दियाला राहवेना. "खांग, ऐक बाळा. मी खरं तर..."

त्यानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"आजी, उद्या सकाळी येतो. रिम्माआजींच्या थडग्यावर आपण दोघं जाऊ."