नमुन्यादाखल एक डोकं

"आधी तुझं दाखव," गणिताच्या बाई म्हणाल्या.

दुकानातल्या केसांच्या काउंटरवरच्या मुलीचा हात तसाच राहिला. पेनाएवढा कॅमेरा बाईंच्या भांगावर टेकलेला होता आणि टेबलावरच्या पडद्यावर बाईंची टाळू भल्यामोठ्या आकारात पसरली होती. पाणी आटून गेलेल्या तळ्यात चार काटक्या उभ्या असाव्यात, तशी.

"माझं काय, मॅडम?"

"डोकं. माझं बिघडलंय म्हणतेस ना? मग न बिघडलेलं कसं दिसतं ते कळायला नको? उभा जन्म पेपर तपासण्यात गेला माझा. नमुना उत्तर समोर ठेवल्याशिवाय कुणाचा अर्धा मार्क कापला नाही."

मागणी रास्त होती. कॅमेऱ्याला जोडलेल्या संगणकाला चारच निकाल ठाऊक होते: तेलकट, कोरडी, कोंडा, गळती. चार निकालांच्या चार रंगांच्या बाटल्या मागच्या फळीवर उभ्या होत्या. डोकं ठीक आहे, घरी जा, असा पाचवा निकाल कंपनीला सुचला नव्हता. एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मुलीनं कॅमेरा टेबलावर टेकवला, तर त्यानं टेबलालाही कोरडं ठरवून जांभळी बाटली सुचवली होती.

बाईंच्या वाट्याला गळती आली होती, म्हणजे हिरवी बाटली. शाळा सुटल्यावर त्या थेट इकडे आल्या होत्या. उत्तरपत्रिकांची पिशवी पायाशी, एका चपलेतून बाहेर काढलेला पाय. काउंटरपुढच्या स्टुलावर त्या ज्या तऱ्हेनं टेकल्या होत्या, त्यावरून त्यांना केसांपेक्षा स्टुलाची गरज जास्त असावी.

मुलीची अडचण वेगळी होती. काउंटरवर केस मोकळे सोडून उभं राहायचं, हा कंपनीचा नियम. हिचे खांद्याखाली रुळत होते, काळेभोर, आणि ते सगळेच्या सगळे विकतचे होते. स्वतःचे वर्षभरात गेले. चारही रंगांच्या बाटल्या तिनं आलटूनपालटून लावून पाहिल्या. त्यानं आणखी काही बिघडलं नाही, एवढंच बाटल्यांच्या बाजूनं म्हणता येईल. विग आहे हे मॅनेजरला कळलं असतं, तर तिची बदली झाली नसती, सरळ सुट्टी झाली असती. आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं.

"तशी परवानगी नसते, मॅडम."

"कुणाची? तुझ्याच डोक्याची?"

पलीकडे अत्तरांच्या बाटल्या सरळ करत असलेल्या मॅनेजरनं मान वळवली. "अगं, दाखव की! गिऱ्हाईक स्वतःहून मागतंय. लाजायला काय, बघायला आलेत का तुला?"

पडद्याची पाठ त्याच्याकडे होती. दिवसभरात नशिबानं एवढीच काय ती साथ दिली होती.

मुलीनं कॅमेरा उचलला आणि स्वतःच्या भांगावर टेकवला.

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि वाकून पाहिलं. पडद्यावर जाळी उमटली होती. एकसारखी, चौकटीच्या वहीसारखी. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एक बारीक गाठ, गाठीतून निघालेले दोन-तीन केस, सगळे एका ओळीत. कातडी कुठेच नव्हती. संगणक गोल गोल फिरत विचार करत राहिला.

बाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी फरशीकडे पाहत होती. बाहीत चिठ्ठी असलेलं पोर परीक्षेत नेमकं असंच फरशीकडे पाहतं.

"काय मॅडम, पटलं?" मॅनेजर दोन पावलं पुढे आला.

बाईंनी पडदा आणखी स्वतःकडे वळवून घेतला.

"पटलं तर! शंभरपैकी शंभर. अशी टाळू मी अख्ख्या जन्मात पाहिली नाही." मग मुलीला म्हणाल्या, "दे ती हिरवी."

मुलगी फळीवरून बाटली काढताना पुटपुटली, "मॅडम, नका घेऊ. हिनं काही होत नाही, खरंच."

"ते ठाऊक आहे गं. ही तिसरी माझी."

"मग?"

"मग काय? पाय उचलत नव्हते म्हणून बसले. नुसतं बसलं की तुमच्यातलं कुणीतरी येऊन विचारतं, काय हवंय." बाईंनी चप्पल शोधून पाय आत सरकवला. "दे लवकर, तो बघतोय. आणि कपाळाशी जरा डावीकडे ओढून घे. सरकलाय."

मुलीनं केस सारखे केल्यासारखं करून विग ओढून घेतला. बाईंनी पैसे मोजले, एका हातात उत्तरपत्रिका आणि दुसऱ्या हातात हिरवी बाटली घेतली आणि कुणाचं काही देणं लागत नसल्यासारख्या दाराकडे चालत गेल्या.

मॅनेजर हात चोळत आला. एवढा खूश तो कंपनीच्या दिवाळखोरीची अफवा खोटी ठरली तेव्हाही झाला नव्हता.

"बघितलंस? बोलायचं काम नाही, घासाघीस नाही, बाई उठली आणि बाटली घेऊन गेली! मी कधीचा वरच्यांना सांगतोय, लोकांना पुरावा लागतो." त्यानं पडदा दोन्ही हातांनी उचलला आणि रस्त्याकडच्या काचेच्या बाजूला तोंड करून ठेवला. जरा मागे सरकून सगळ्यांना दिसतोय ना, ते पाहिलं. "यापुढे असं. आधी तुझं डोकं, मग गिऱ्हाइकाचं."

"उद्यापासून ना, सर?"

"उद्या कशाला?" मॅनेजर म्हणाला. रिकाम्या स्टुलाकडे बघत दोघीजणी घुटमळत होत्या. त्यांना त्यानं "या या, बसा," म्हटलं आणि कॅमेऱ्याचं टोक रुमालानं पुसून मुलीच्या हातात दिलं.