सुनावणीचा दिवस

सोनगीरजवळच्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहणार होत्या. त्याची सुनावणी खाली गावात ठेवली, तेव्हा उखाबाबाने डोंगरावरच्या वस्तीत घरोघर बजावलं, “बठ्ठा चाला! एक कोंबडीबी मांगे ठेवू नका. आपन कितला जन शेतस, ते साहेबले दिखू द्या.” चुली विझवून, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन, शेळ्या-कोंबड्यांसकट अख्खी वस्ती डोंगर उतरली.

साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि भर सभेत शब्द दिला, “माणूस राहतो तिथे बुलडोझर जाणार नाही.” टाळ्या वाजवून उखाबाबाचे हात दुखले.



संध्याकाळी सगळे वर चढले, तर वस्तीच्या जागी नुसती सपाट माती. बुलडोझरवाल्यांनी दुपारी रीतसर झोपडी न् झोपडी बघितली होती, आत माणूस काय, कोंबडीसुद्धा सापडली नव्हती.