पाणभुंग्याचा डोह

विशाखा ओमानमधल्या वादी अदाई वस्तीमागच्या घळीत पोचली, तेव्हा टेरेन्सने बादली डोहात नुकतीच उपडी केली होती. त्याची मुलगी व्हेनेसा काठावर उकिडवी बसून पाण्यात बघत होती. लाल-निळे गप्पी मासे घोळक्याने फिरून नवी जागा पाहत होते.

ओमान कायमचं सोडताना माणसं गाडी विकतात, सोफा विकतात, कुकर शेजारणीला देतात. घरच्या टाकीतल्या माशांना मात्र कोणी वाली नसतो. टेरेन्स वसईचा, मनाने मऊ. मोरीत ओतायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून भर उन्हात तो त्यांना घेऊन इथवर आला होता.

विशाखा पाणकिड्यांची अभ्यासक. चण्याएवढा एक काळा पाणभुंगा शोधत ती या डोंगरातले सगळे डोह फिरली होती. कुजका पाला खाऊन गपचूप जगणारा किडा. पूर्वी तो पुष्कळ ठिकाणी होता. कुठे पंप बसले, कुठे गाळ भरला, कुठे कोणी मासे सोडले आणि माशांनी त्याच्या अळ्या फस्त केल्या. आता तो तिला फक्त याच डोहात सापडत होता.

"पाणी चांगलं आहे ना मॅडम?" टेरेन्सने विचारलं. "आमचं इथलं खलास झालं. जॉब गेला, उद्याची फ्लाइट आहे. म्हटलं, हे तरी सुखात राहू देत."

विशाखाने हातातली जाळी पाण्यात घातली. एक मासा आला. बाकीचे दगडांच्या फटींत पसार झाले. तिने पुन्हा पुन्हा जाळी फिरवली, नुसता चिखल वर आला. तिला या माणसावर ओरडायचं होतं आणि त्याच्याकडे बघून ओरडवतही नव्हतं.

"सगळे नाही मिळायचे तुम्हाला," टेरेन्स कौतुकाने म्हणाला. "चलाख आहेत. त्यात दोन-तीन पोटुश्या आहेत. महिन्याभरात बघा, हाऊसफुल होईल इथे."

"आंटी, तो माझा फिश आहे," व्हेनेसा रडवेली होऊन म्हणाली. "प्लीज, त्याला सोडा ना."

जाळीत तो एकटाच तडफडत होता. एवढा एक ठेवून काय आणि सोडून काय. विशाखाने जाळी पाण्यात उलटी केली.

"आंटी, ते जगतील ना?"

"जगतील बाळा," विशाखा म्हणाली. "इथे आता तेच जगतील."