बिनआवाजाचा कंप्युटर

सत्यवतीबाईंनी कंप्युटरच्या डब्याला कान लावला आणि डोळे मिटले. गोहलपुरातल्या त्या दुकानात जुने कंप्युटर छताला टेकतील असे रचलेले होते. शेजारी वेल्डिंग चाललं होतं. दुकानात आलेली दोनतीन गिऱ्हाइकं हातातलं काम सोडून या बाईंकडे बघत होती. सोबत आलेल्या शशिकांतला आपल्या आईमुळे ओशाळल्यासारखं झालं.

"नहीं भैया, ये भी नहीं," त्या म्हणाल्या. "याचा पंखा बोलतो."

दुकानदारानं आतापर्यंत बरीच यंत्रं दाखवली होती. एकात रंगीत दिवे लागत. ते मुलांच्या खेळांसाठी बनवलेलं आणि सगळ्यांत वेगवान होतं. शशिकांतला तेच आवडलं होतं. एक लॅपटॉप दिसायला छान होता, पण जरा तापला की घोंगावायला लागे. सत्यवतीबाईंना वेगाचं कौतुक नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये दोन आवाज वेगवेगळे भरता यावेत, आणि भरताना यंत्रानं तोंड उघडू नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. शाळेत त्या संगीत शिकवत. प्रार्थना आणि समूहगीतं शाळेच्या कंप्युटरवर त्यांनीच रेकॉर्ड केलेली, तेव्हा या बाबतीत त्यांना कोणी सहज गुंडाळू शकलं नसतं.

मोबाईलवर होत नाही का, असं शशिकांतनं येताना स्कूटरवर विचारून पाहिलं होतं. होत नाही, म्हणाल्या. पुढे त्यानं विचारलं नाही. निवृत्तीनंतर आईला गाण्याची हौस आली असेल, असं त्यानं गृहीत धरून टाकलं. हौसेला त्याची ना नव्हती. पण बाबा घरात असे बसून असताना तिला गावंसं वाटतं, हे त्याला खुपत होतं.

भाऊरावांना पक्षाघात होऊन वर्ष उलटलं होतं. हातापायांत पुष्कळ जोर परत आला, वाचा मात्र परतली नाही. कळायचं सगळं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच अडायचा. सुरुवातीला शशिकांत रोज त्यांच्याजवळ बसायचा, काहीबाही विचारायचा. उत्तर द्यायला भाऊराव इतके धडपडायचे की कपाळावर घाम यायचा, आणि शेवटी ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. ते बघवेना म्हणून त्यानं विचारणं सोडलं. मग बसणंही सुटलं. आता ऑफिसातून आला की तो बाबांच्या खोलीवरून मान खाली घालून निघून जाई.

दुकानदारानं अखेर मागच्या गोदामातून एक ठेंगणा, खरचटलेला डबा आणला. कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला. वेग बेताचा, पण मेमरी वाढवलेली होती, आणि आत गरगरणाऱ्या डिस्कऐवजी नवी, गप्प राहणारी डिस्क होती. सत्यवतीबाईंनी तो परत गोदामात नेऊन, दार लोटून चालू ठेवायला लावला. चांगला तापू दिला. मग कान लावला आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"चलो, हाच द्या," त्या म्हणाल्या.

महाराजपूरच्या घरी पोचल्यावर टेबल कुठं मांडायचं म्हणून शशिकांतनं विचारलं, तर त्यांनी भाऊरावांच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्यानं तारा जोडल्या. आई आता तंबोरा काढेल असं त्याला वाटलं. पण त्यांनी दोनपैकी एक माइक उचलला आणि खुर्चीत बसलेल्या भाऊरावांच्या तोंडापुढे ठेवला.

"बाबांसमोर काहून?"

"त्यांचा आवाज लहान आहे. जरासा पंखा वाजला की बुडून जातो."

त्या भाऊरावांशेजारी बसल्या, आपला माइक जवळ ओढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि गाऊ लागल्या. ते भजन नव्हतं. दोनतीन सुरांवर, लहान मुलांना शिकवावं तसं त्या म्हणाल्या, "मला पाणी पाहिजे." भाऊरावांनी डाव्या हातानं गुडघ्यावर ताल धरला. दुसऱ्या खेपेला त्यांचे ओठ हलले. तिसऱ्या खेपेला बायकोच्या आवाजाखालून एक घोगरा, कापरा आवाज निघाला.

"मला पाणी पाहिजे."

शशिकांतच्या हातात हेडफोनची तार तशीच राहिली.

दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या ताईंनी हे सुचवलं होतं. बोलण्याची वाट बंद पडली तरी गाण्याची वाट काही जणांची उघडी राहते. शशिकांतच्या ऑफिसच्या वेळात, दुपारच्या दुपारी, नवराबायको हेच करून राहिले होते. सोबत गायलं तर शब्द यायचे. सत्यवतीबाई थांबल्या की तेही थांबायचे.

"मोबाईलवर दोघांचे आवाज चिकटून जातात," त्या म्हणाल्या. "यात वेगळे राहतात. माझा रोज थोडा थोडा कमी करत न्यायचा. एक दिवस माझा नसलाच, तरी यांचा चालू राहील."

"मला सांगितलं काहून नाही?"

"तू या खोलीत येतच कुठं होता, शशी?" आवाजात राग नव्हता. त्या पडद्याकडे बघत होत्या.

त्यांनी आणखी दोन वाक्यं तशीच भरली, मग भाऊरावांच्या कानांवर हेडफोन चढवले, भरलेलं पुन्हा लावलं आणि पडद्यावरची पट्टी सरकवून स्वतःचा आवाज बारीक केला. भाऊराव गाऊ लागले. पाणी पाहिजे. चहा नको. खिडकी उघड. मधे एकदा अडखळले, ताल चुकला, पुन्हा सापडला. सत्यवतीबाई तोंडावर पदर धरून गप्प बसल्या होत्या, चुकूनही आपला सूर लागू नये म्हणून.

मग भाऊरावांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. दाराजवळ उभ्या असलेल्या मुलाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. डाव्या हातानं गुडघ्यावर सावकाश ताल धरला, आणि त्याच सुरांवर एक वाक्य गायलं, जे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"जेवला का रे, शशी?"