राहिलेली चाकं

हणमंतरावांनी प्लायवूडच्या छोट्या एसटीचा लाल रंग पुन्हा खरवडला, हात धुतले, अंगणात चक्कर मारली आणि परत टेबलाशी येऊन बसले. नुसती चाकं लावायची राहिली होती. वर्ष झालं, ती डब्यातच पडून होती.

"रिटायर झालात तेव्हापासून नुसत्या येरझाऱ्या," बायको करवादली. "एवढं तर गाडीवर असतानाही फिरला नाहीत."

संध्याकाळी त्यांच्या गाडीवरचे जुने कंडक्टर काशीद आले. कौतुक वगैरे काही नाही. छोट्या एसटीच्या खिडकीतून आत डोकावून म्हणाले, "हणमंतराव, घंटीची दोरी कुठाय?"

हणमंतराव वरमले. आरसे, वायपर, हॉर्न, सगळं केलं होतं; पाठीमागे काय असतं ते कधी बघितलंच नव्हतं.

काशीदांनी वहिनींकडून दोरा आणि पैंजणाचं घुंगरू मागून घेतलं, दारापासून केबिनपर्यंत दोरी ओवली आणि सवयीने दोनदा ओढली. दोनदा म्हणजे निघा. त्याशिवाय हणमंतरावांनी उभ्या नोकरीत गाडी हलवली नव्हती.

टेबलाखाली त्यांचा डावा पाय क्लच दाबावा तसा दाबला गेला. ते उठले.

"आता आणखी कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"चाकं आणतो. डबल बेल मिळाली."