मेव्हण्यासाठी गोळी

"माझ्यासाठी नाही, मेव्हण्यासाठी हवीये," थ्रासोस दबक्या आवाजात म्हणाला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याने मागे वळून पाहिलं.

एव्दोकियाने कपाळावर हात मारला. बंदरावरच्या तिच्या औषधाच्या दुकानात ती निळी गोळी मागणारा या आठवड्यातला हा चौथा. बेटावरचे पुरुष सगळे ठणठणीत; दुखणी काय ती मेव्हण्यांनाच!

"डॉक्टरांची चिठ्ठी आणलीत, काका?"

"एवढ्याशा गोळीला कसली चिठ्ठी, पोरी? बाजारात तो घड्याळं विकणारा विनाचिठ्ठी देतो."

आता तिचा पारा चढला. "तुमच्या छातीच्या गोळ्या दर महिन्याला मीच देते ना? जिभेखाली ठेवायच्या? त्या घेणाऱ्याने ही घेतली, तर रक्तदाब असा कोसळेल की बिछान्यातून उठायची वेळच यायची नाही. कळतंय?"

होड्या बांधून राकट झालेले हात थ्रासोसने हळूच काउंटरखाली घेतले.

तिने आवाज खाली आणला. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"दोन वर्षं! अहो, हृदयाचं दुखणं असलं की हेही होतं पुष्कळांना. त्यावर उपाय आहेत. पण तुम्हाला कुठला चालेल, ते डॉक्टरांनी ठरवायचं. परवा येतायत ते बोटीने. त्यांना सांगा."

"डॉक्टर बाई आहे?"

"पुरुष आहेत."

"मग तर नाहीच सांगता यायचं."

"बाई असती तर सांगितलं असतंत?"

"छे!"

"मग काय, गाढवांचा डॉक्टर बोलावू?"

पहिल्यांदाच त्याला हसू आलं. तिने तेवढ्यात वहीत त्याचं नाव लिहून टाकलं. "परवा दहा वाजता. नाही आलात तर तुमच्या दारात उभी राहून हाका मारीन. आणि काकूंनाही आणा. त्यांना ठाऊक असेलच."

"तिला वाटतं, माझं बाहेर कुणाशी तरी जमलंय. रडते कधी कधी."

एव्दोकियाच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "आणि तुम्ही काय सांगितलंत?"

थ्रासोसने टोपी डोक्यावर सारखी केली, पाठ ताठ केली.

"मी अजून 'नाही' म्हटलेलं नाही."