चेरीच्या फुलांचे पाणी

मिठात मुरवलेले चेरीचे फूल गरम पाण्यात पूर्ण उमलायला चाळीस सेकंद लागतात. साखरपुड्याला आमच्याकडे जपानात चहा देत नाहीत, हेच पाणी देतात. गेल्या वसंतात आईने माझ्या लग्नासाठी ही फुले मुरवली, तेव्हा तिला सगळे आठवत होते. आज साखरपुड्याला तिने माझा होणारा नवरा शूहेई आणि त्याच्या आईवडिलांपुढे पेले मांडले, मग एक माझ्यापुढे ठेवला. "घ्या ना, ताई. आमची नवरी अजून आवरतेय. आरशापुढून हलेल तर शपथ!" शूहेईचे बाबा थट्टा समजून हसले. आई माझ्याकडे झुकली. "जरा बघता तिला? माझ्याशिवाय घाबरते हो ती." कुणीच हसले नाही. लग्नानंतर मला शूहेईसोबत साप्पोरोला जायचे होते; आईला इथे एकटे ठेवता येत नव्हते, आणि तिकडे परक्या घरात ती टिकली नसती. हे मला कधीचे ठाऊक होते. मी कपाळ चटईला टेकवले. "माफ करा. मी हे लग्न करणार नाही."